गाठीची चोळी

जळगावच्या फुले मार्केटात आता नऊवारी लुगडं शिवून मिळतं. दुकानाच्या दाराशी ते हँगरला लटकलेलं असतं. निऱ्या जागच्या जागी मारलेल्या, कासोटा मागे कायमचा खोचलेला, पदराची घडी खांद्याच्या मापानं टाचलेली. दोन पाय घालायचे, नाडी ओढायची, बाजूची चेन वर सरकवायची, की पाच मिनिटांत पेशवाई उभी. ते लटकलेलं लुगडं पाहिलं की मला उगाचच संकोच वाटतो. आत बाई नाही आणि बाईचा डौल तेवढा वाऱ्यावर हलतो आहे. ज्या वस्त्राची सारी ऐट अशी, की नऊ वारांत सुईचा एक टाका नाही, नेसणारी जशी नेसेल तसं ते घडेल आणि रात्री पुन्हा नुसतं कापड होऊन दांडीवर पडेल, त्याला आपण शिवून टाकलं. आणि चोळी, जी खरोखर शिवायचीच वस्तू, ती कशी शिवली हे मात्र कुणी विचारत नाही.

माझ्या भाचीनं विचारलं. भावाची मुलगी, धुळ्यात वाढलेली, आता पुण्यात दिवसभर संगणकापुढे बसणारी. आखाजीला ती माहेरी येणार होती. बाकीच्या महाराष्ट्राला अक्षय्य तृतीया म्हणजे सोनाराच्या दुकानातली गर्दी. आमच्या खान्देशात आखाजी म्हणजे सासुरवाशिणींची दिवाळी. झाडाला झोके, गौराईची गाणी, खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, आणि बाहेर असं ऊन की कावळासुद्धा दुपारी निर्णय बदलतो. तर फोनवर ती म्हणाली, "आत्या, मला जुन्या पद्धतीची चोळी हवी. हुक नाही, चेन नाही, पुढे गाठ. आणि सगळी हातानं शिवलेली. मशीनची एक टीपसुद्धा नको."

मी म्हटलं, "का गं, मशीननं तुझं काय बिघडवलं?"

मग तिनं सांगितलं. विलायतेत आणि अमेरिकेत म्हणे कित्येक बाया आणि बाप्येही दोन-दोनशे वर्षांपूर्वीचे झगे जसेच्या तसे हातानं शिवतात. दोऱ्याला मेण लावतात, जुन्या चित्रांतल्या चुण्या मोजतात, संग्रहालयातल्या कपड्याची आतली बाजू पाहायला मिळाली तर आठवडाभर आनंदात असतात. मला त्याचं खरोखर कौतुक वाटलं आणि हसूही आलं. कारण आमच्या घरात दोन पिढ्यांमागे याला छंद म्हणत नसत, दुपार म्हणत. जेवणं उरकली, भांडी पालथी पडली, की धुळ्याच्या घराच्या ओसरीवर आजी सुई घेऊन बसे. दोऱ्याला मेण तीही लावी. ते मेण लाकडी फणीच्या पेटीत असे, आणि त्याच्यावर दोऱ्यांनी कोरलेल्या इतक्या बारीक रेघा असत की लहानपणी मला ती कुठल्या तरी अनोळखी लिपीतली पाटी वाटे.

आता पहिला प्रश्न खणाचा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात कपाटाचा एक कप्पा असा असतो, जिथे ओटीत आलेले खण आणि ब्लाउजपीस राहायला असतात. 'राहायला' म्हटलं खरं, पण ते वस्तीला असतात. कायमचा मुक्काम त्यांना माहीत नाही. हळदीकुंकवाला आलेला खण आपण डोहाळजेवणात देतो, तो तिथून बारशाला जातो, बारशातून मंगळागौरीला, आणि दोन-तीन वर्षांनी एखाद्या श्रावणात तोच मोरपंखी तुकडा तीच त्रिकोणी घडी घेऊन आपल्याच ओटीत येऊन बसतो. आपण त्याला ओळखतो, तोही बहुधा आपल्याला ओळखतो, पण चारचौघींत दोघेही गप्प राहतात. शिवायचा म्हणून विणलेला आणि कधीच न शिवला जाणारा हा कापडाचा समाज आपल्या दारोदार हिंडत असतो. मला त्यांची अधूनमधून काळजी वाटते.

माझ्याकडे मात्र एक खरा खण होता. आईच्या ट्रंकेतला, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा, जिथले खण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या येत आले. जांभळा, अंगभर बारीक बुट्ट्या, दोन्ही काठ रेशमी. घडीच्या रेषेवर रंग किंचित विटलेला. त्या गावच्या विणकरानं मागावर बसतानाच चोळीचा हिशेब करून ठेवलेला असतो, हे मला कात्री हातात घेतल्यावर कळलं. काठ कुठे येणार? बाहीच्या कडेला आणि पाठीच्या खालच्या बाजूला. बाकीच्या अंगातून पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या, काखेतले तुकडे. नीट कापलं तर उरतात त्या चार-दोन चिंध्या, आणि त्याही आजीच्या काळात उरत नसत. कापड दुर्मीळ असतं तेव्हा कात्री फार नम्रपणे चालते. आज आपण आधी आकार ठरवतो आणि मग कापडाला सांगतो, "उरलेलं तुझं तू बघ." जुनी चोळी आधी कापडाला विचारून घेई.

माप घ्यायला टेप लागत नाही, हेही हळूहळू आठवलं. आजी वीत आणि बोटं यांवर चाले. दंडाला वीतभर नि वर चार बोटं, पाठीला अमुक, पुढची टोकं हवी तेवढी लांब. त्या 'हवी तेवढी'मध्येच सगळं शहाणपण होतं. दोन टोकं पुढे आणून त्यांची गाठ मारायची असते, म्हणजे चोळीचं शेवटचं माप शिंपी घेत नाही, घालणारी रोज सकाळी स्वतः घेते. आज जेवण जड झालं, गाठ सैल. पंढरपूरची वारी करून आली, गाठ घट्ट. पोटुशी राहिली, तान्हं अंगावर पीत असलं, आजारातून उठली, म्हातारपणी अंग आत गेलं, तरी चोळी तीच. दुकानात कपाळावर अडतीस की चाळीस असा आकडा मारून आपल्याला उभं करतात, आणि त्या आकड्यात मावलो नाही तर दोष आपला ठरतो. गाठीच्या चोळीला तुमचा आकडा ठाऊकच नसतो. पुरुषांच्या बाराबंदीचाही हाच स्वभाव. आजच्या घाईत सकाळी बाराच्या बारा बंद बांधत बसलं तर साडेनवाची बस जाईल, हे मान्य; पण पोट सुटलं म्हणून बाराबंदी कुणाला टाकून द्यावी लागली असेल असं वाटत नाही.

भाचीचा दुसरा प्रश्न मोठा अवघड होता. "आत्या, ही चोळी नक्की कुठल्या काळातली?" आता काय सांगावं? आमच्या जळगावाहून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, तिथल्या भिंतींवर ज्या बाया उमटल्या त्यांच्याकडे मी शाळेच्या सहलीपासून पाहत आले आहे. पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात एक नर्तकी आहे. तिच्या अंगात लांब बाह्यांचं, अंगासरशी बसलेलं, चांगलं बेतून शिवलेलं वस्त्र आहे. आणि राण्या? त्यांच्या अंगावर मोती आहेत, पारदर्शक कापड आहे, उदास सौंदर्य आहे. शिवण जवळजवळ नाहीच. शिवलेलं घालायचं ते नाचणारीनं, दासींनी, परदेशी पाहुण्यांनी. दीड हजार वर्षांत पारडं कसं फिरलं बघा. आज हातशिलाईची चोळी शहरातल्या दुकानात मागितली तर किंमत ऐकून राणीलाही दोनदा विचार करावा लागेल. देवाच्या दारी मात्र जुनाच कायदा अजून चालू आहे. सोवळ्याला न शिवलेलंच वस्त्र लागतं. म्हणजे माझ्या या सगळ्या बारीक टाक्यांची देवघरात काही पत नाही.

अजिंठ्याची चित्रं उतरवून घ्यायला १९०९ च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम नावाच्या इंग्रज बाई आल्या होत्या. त्यांच्या मदतीला कलकत्त्याहून जे तरुण चित्रकार आले, त्यांत नंदलाल बोस होते. त्या ओलसर अंधारात बसून त्यांनी त्या नर्तकीची बाही किती न्याहाळली असेल कोण जाणे. पुढे १९३६ च्या डिसेंबरात ते पुन्हा आमच्या मुलखात आले. फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, खेड्यात भरलेलं पहिलंच, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. नगराची सजावट गांधीजींनी नंदलालांवर सोपवलेली. त्यांनी बांबू, चटया आणि आसपास मिळेल त्या साध्या सामानातून ती उभी केली. केळीच्या बागांत एक अख्खं नगर उभं राहिलं आणि माणसं पांगल्यावर सोडून ठेवलं गेलं. मला त्या नगराची कल्पना नेहमी गाठीच्या चोळीसारखीच येते. बांधायचं ते सोडता येईल इतपतच बांधायचं, हे त्या काळच्या हातांना कळत होतं.

तेव्हा भाचीला मी सांगितलं, की ही चोळी तुझ्या खापरपणजीच्या काळातली समज. ती म्हणाली, "म्हणजे साल?" ही मुलं इतिहासाला तारीख-वार विचारतात. या बाबतीत धुळ्याच्या मुलीला दोष देता येत नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी आमच्या धुळ्यातच ३१ डिसेंबर १९२६ ला देह ठेवला, आणि लगेच पुढच्या वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड या माणसानं काढले, पहिला १८९८ साली. गावोगाव पायपीट करून, कुणाच्या माळ्यावरची, कुणाच्या बळदातली दप्तरं सोडवून. ही दप्तरं म्हणजे कापडात बांधलेले कागद. त्या कापडाला रुमाल म्हणत आणि अजूनही म्हणतात. म्हणजे मराठ्यांचा सारा इतिहास शतकभर न शिवलेल्या कापडात गाठ मारून ठेवलेला होता, आणि राजवाड्यांचं पहिलं काम दर वेळी ती गाठ सोडण्याचं. त्या कागदांत पोशाखांच्या याद्या असतात. शेला, पागोटं, किनखाप, खण. कुणाला किती दिले, किंमत काय. पण त्या खणाची चोळी कुणी शिवली, किती दुपारी लागल्या, सुई कुठे हरवली, हे टिपून ठेवायला एकही कारकून नेमला गेला नाही. फडणिशीतली ही एवढी जागा रिकामी राहिली ती राहिलीच.

शिवायला बसले तेव्हा वैशाख लागायचा होता, पण जळगावला पंचांग पाहून तापायची सवय नाही. कूलरसमोर खुर्ची, मांडीवर जांभळा खण, बोटात अंगुस्तान. पहिली लढाई नेढ्याशी. चाळिशीनंतर सुईचं नेढं दरवर्षी थोडं थोडं आखडत जातं. कंपनीवाले ते कबूल करत नाहीत. एकदा दोरा आत गेला की मात्र पुढचं काम बोटं करतात. आधी कच्चा टाचा, मग धावदोरा. सुई कापडाखाली बुडी मारते आणि पुढे कुठेतरी वर डोकं काढते, पांझरेतल्या पाणकावळ्यासारखी (पांझरेला पाणी असतं तेव्हाचं सांगते आहे). जिथे ताण पडायचा, काखेत, खांद्यावर, तिथे उलटी टीप. एक पाऊल मागे, दोन पावलं पुढे. कापलेल्या कडा आत दुमडून तुरपून घ्यायच्या, म्हणजे आतली बाजूही बाहेरच्यासारखी दिसते. आजीचा तिथे कटाक्ष होता. बाहेरची बाजू जग बघतं, आतली बाजू अंग बघतं, असं काहीसं ती म्हणे आणि मी घातलेला लांब टाका नखानं उचकटून काढी.

हाताच्या शिवणीत मन किती मोकळं सुटतं हे यंत्रावर बसणाऱ्याला कळायचं नाही. यंत्राला तुमची नजर हवी असते. जरा हलली की सुई बोटात. हाताचा टाका म्हणतो, तू जा कुठे जायचं तिथे, मी आहे इथे. त्या एका चोळीत मी कुठे कुठे जाऊन आले! आसोद्याला गेले, बहिणाबाई चौधरींच्या माहेरी. अक्षरओळख नसलेल्या त्या माउलीनं नुसत्या चोचीनं घर विणणाऱ्या पाखराचं कौतुक केलं आणि माणसाला त्याच्या हातांची आठवण करून दिली. १९५१ साली त्या गेल्या, आणि पुढच्याच वर्षी त्यांची गाणी पुस्तकात आली. फोटोत त्या लुगडं-चोळीत आहेत. त्या फोटोसमोर मी एकदा बराच वेळ उभी होते, आणि माझ्याबरोबरचे लोक समजत होते की मी काव्याच्या चिंतनात आहे. मी बाहीची कड कशी दुमडली आहे ते बघत होते.

यंत्राला मी नावं ठेवते आहे असं मात्र कुणी समजू नये. त्याचं मोठेपण ज्यानं सांगितलं तो माणूस यंत्रांचा काही भक्त नव्हता. १९२४ साली 'यंग इंडिया'त गांधीजींचा एका विद्यार्थ्याशी झालेला संवाद छापून आला. यंत्रांबद्दल इतकं बोलणाऱ्या बापूंना त्यानं विचारलं, की मग सगळीच यंत्रं वाईट का? गांधीजींनी अपवाद म्हणून सिंगरचं शिवणयंत्र काढलं. त्यामागे प्रेमाची गोष्ट आहे, असं ते सांगतात. सिंगरनं बायकोला हातानं टाके घालत कंटाळताना पाहिलं, त्याला तिची दया आली आणि तिचे कष्ट वाचावेत म्हणून त्यानं यंत्र केलं. गोष्ट फार सुंदर आहे. गांधीजींना ती कुणी सांगितली ते देव जाणे. कारण १८५१ साली पेटंट घेणारे आयझॅक सिंगर हे मुळात फिरत्या नाटकमंडळीतले नट, आणि त्यांचा संसार एका बायकोवर भागणारा नव्हता. निरनिराळ्या घरी निरनिराळ्या बायका, आणि सगळी मिळून वीसहून जास्त मुलं. त्यांतल्या नक्की कुणाचे कष्ट बघून त्यांचं हृदय द्रवलं? एवढ्या पोरांचे कपडे हातानं शिवायचे म्हटल्यावर कुणीही यंत्र शोधलं असतं. पण मी विचार केला, की एका भोगी माणसाच्या यंत्रात आमच्या फकिरानं प्रेम पाहिलं, तर त्यात यंत्राचं नुकसान नाही आणि फकिराचंही नाही. आमच्या आळीत नवरा गेल्यावर एका बाईनं त्याच यंत्रावर परकर-पोलकी शिवून तीन मुलं शिकवली. तिच्या पायडलचा आवाज रात्री झोपेतही ऐकू येई. तिच्यासमोर हातशिलाईची थोरवी सांगायची माझी छाती नाही.

चोळी गेली ती काही एकट्या यंत्रामुळे नाही. पोलकं आलं, त्याला गुंड्या आल्या, झालर आली, बाही कोपराखाली उतरली. आणि त्या नव्या नखऱ्याचा आदर्श कोण? लहानपणी काही काळ जळगावात राहून गेलेला, इथेच मेहबूबखाँकडे गाणं शिकलेला नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व. रंगभूमीवर त्यांनी जे नेसावं ते महिन्याभरात महाराष्ट्रातल्या घरंदाज बायांनी नेसावं, असा तो काळ. एका पुरुषाकडे बघून बायका बाईसारखं दिसायला शिकल्या, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मला तो काळ या एका गोष्टीसाठी आवडतो.

पण आजीकडे परत यायला हवं, कारण तिची खरी विद्या शिवण्यात नव्हती, उसवण्यात होती. चोळी काखेत विरली की ती सगळी शिवण सोडवी. टाका कापायचा नाही. सुईच्या टोकानं उचलायचा, दोरा अखंड ओढून घ्यायचा आणि रिकाम्या रिळावर गुंडाळायचा. बघता बघता चोळीचा पुन्हा खण होई, जरा भोकाभोकांचा, जरा थकलेला, पण खण. मग त्याच्या चांगल्या भागातून नातवाची कुंची निघे. कुंचीतून पुढे पिशवीचा काठ. शेवटी उरलेलं गोधडीच्या पोटात. तिथेही रंग बघून जागा मिळे. काठाचा तुकडा वर, विटका आत. बोहारणीकडे आमच्या घरातलं कापड फारसं जातच नसे, आणि गेलं की आजी तिच्याशी एका पातेल्यासाठी अशी भांडे की जणू कन्येची पाठवणी चालली आहे. हाताचा टाका कापडाहून जाणूनबुजून कमजोर ठेवलेला असतो, हे मला फार उशिरा उमगलं. ताण पडला तर आधी दोरा तुटावा आणि कापड वाचावं. आताच्या तयार कपड्यात शिवण लोखंडी असते आणि कापड दोन पावसाळ्यांत जाळी होतं. उसवायला गेलं तर शिवण शिल्लक राहते आणि कपडा हातात येतो. धुळ्याच्या त्या घरातली शेवटची गोधडी माझ्याकडे आहे. तिच्यात माझी कुंची कुठे आहे ते आई दाखवत असे. आता दाखवणारं कुणी नाही, म्हणून मी मनानंच एक हिरवा तुकडा ठरवून टाकला आहे. हिवाळ्यात पांघरताना तो छातीशी येईल असं बघते.

चोळी पुरी झाली तेव्हा ती आधी शेजारच्या आजींना दाखवायला नेली. त्या अमळनेरकडच्या, अजून अहिराणीच बोलतात. त्यांनी चष्मा पुसला, चोळी सरळ उलटी केली आणि आतली बाजू वाचायला घेतली. बाहेरच्या बाजूकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. काखेतला तुकडा चिमटीत धरून ओढून बघितला, काठावरच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. मी परीक्षेला बसल्यासारखी उभी. अखेर म्हणाल्या, "टाका चांगला शेतस. पन हाई गाठ आते कोन बांधी व माय?"

आणि खरंच, तेवढं कुणी लक्षातच घेतलं नव्हतं. आखाजीला भाची आली, चोळी अंगात घातली, टोकं पुढे घेतली आणि फोनवर शोधू लागली. तिनं बांधलेली पहिली गाठ बुटाच्या नाडीची होती, दुसरी शाळेतल्या स्काउटाची. शेवटी आजींना बोलावून आणलं. त्यांनी तिला समोर उभं केलं, "श्वास सोड," म्हणाल्या, आणि दोन्ही टोकं एकमेकांवरून, खालून, पुन्हा वरून अशी काही फिरवली, की आम्हा दोघींना दिसलं ते एवढंच, की आता गाठ आहे. "पुन्हा दाखवा ना आजी," भाची म्हणाली. त्यांनी सोडली, पुन्हा बांधली. पुन्हा आम्हाला काही दिसलं नाही. सत्तर वर्षं रोज सकाळी केलेली गोष्ट सावकाश करून दाखवता येत नाही. सावकाश केली की त्यांची त्यांनाच विसरायला होई, आणि मग त्या स्वतःवरच हसत.

मुलगी दिवसभर त्या चोळीत झोक्यावर बसली, पुरणपोळ्या खाल्ल्या, आणि पुरणपोळ्यांनंतर गाठ जरा सैल करून घ्यायला दोनदा शेजारी जाऊन आली. संध्याकाळी मात्र माझ्याजवळ येऊन बसली. पुण्याला जाऊन ही चोळी ती ऑफिसातल्या कार्यक्रमाला घालणार होती, आणि पुण्यात आजी नव्हत्या. बराच वेळ खणाच्या काठाशी चाळा करून ती हळूच म्हणाली, "आत्या, रागावू नकोस. गाठीच्या आत, कुणाला दिसणार नाही असं, एक टिचबटण लावून देशील?"

मी ट्रंकेतून डबा काढला. भाचीनं सुईत दोरा ओवून दिला, आणि मी बटण लावलं, हातानंच.